रोझारबाबचा आंबा

२ फेब्रुवारी २००२

परशुरामाने आज बाजारात एका खलाशाचे दात पाडले. सगळ्यांसमोर. मी मासळीची टोपली टाकून धावले, मागून त्याच्या कमरेला मिठी मारली तेव्हा कुठे थांबला. तो माणूस वाळूवर बसून रक्त थुंकत होता. परशुराम त्याला एकच विचारत होता — होडी कोणी पेटवली, नाव सांग. त्या बिचाऱ्याला माहीत असतं तर पहिल्या ठोशालाच सांगितलं असतं.

घरी आणून त्याचे हात धुतले. बोटांची सालं निघालेली. एवढा मोठा बाप्या, पण लहानपणी बसायचा तसाच हात पुढे करून बसला. मी म्हटलं, अशाने तू तुरुंगात जाशील आणि मी राहीन एकटी. नवरा गेला, आता भाऊही घालवू का?

"बाय, माका एक नाव कळूंदे," म्हणाला. "मगे काय व्हायचा ता होवंदे."

होडी दोघांची होती. माझा नवरा काशीराम आणि माझा धाकटा भाऊ परशुराम, दोघांनी मिळून केलेली. ट्रॉलरवाले पार किनाऱ्याशी येऊन आमची जाळी फाडून न्यायचे. म्हणून डिसेंबरात आमच्या देवबागवाल्यांनी त्यांचा एक ट्रॉलर धरला, खलाशांना झोडपलं. त्यात हे दोघे पुढे होते. त्यानंतर होडीला कोणी हात लावू नये म्हणून काशीराम खाडीकडेला होडीतच झोपायचा. एके पहाटे होडी पेटली. तो आत होता.

याहून जास्त मला लिहिता येत नाही.

४ फेब्रुवारी

कोयत्याला धार काढून परशुराम तो उशाशी घेऊन झोपतो.  काल रात्री तो झोपला नव्हता, मीही नव्हते.

६ फेब्रुवारी

रोझारबाब आले. रोझारियो त्यांचं नाव, सगळा गाव रोझारबाब म्हणतो. आयुष्यभर होड्या बांधल्या. आमची होडीही त्यांच्याच हातची. जळलेला सांगाडा अजून खाडीकडेला तसाच पडलाय, तिथे बराच वेळ उभे होते म्हणे, मग घरी आले. ओटीवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. मुलगा लिओन कुठे असतो विचारलं तर म्हणाले, ट्रॉलरवरचं काम सोडून गोव्याला गेलाय.

मग म्हणाले, होडी पुन्हा करूया. हल्ली सगळे फळ्या जोडतात, पण पूर्वीसारखी एका खोडातून कोरलेली तळी असली तर होडी दोन पिढ्या टिकते. तसलं खोड आता कुठे मिळतं, असं मी म्हटलं.

"माका एक आंबो म्हायत आसा," म्हणाले. "नांदगावच्या वर, डोंगरात. कोणी कापूक नसलो तर अजून थंयच आसतलो."

तरुणपणी आपल्या उस्तादाबरोबर लाकूड बघायला गेले होते. आंबा इतका अवाढव्य की उस्ताद म्हणाला, हा खाली उतरवायचा कसा? आणि तसेच परत आले. आता रोझारबाब म्हणतात, जागेवरच कोरून हलका करू, माणसं लावून व्हाळातून, ओढ्याच्या वाटेने, खाली ओढू.

परशुराम भिंतीकडे बघत होता. त्याला होडी नको आहे, त्याला माणूस पाहिजे. पण मी लगेच हो म्हटलं. काही दिवस हा गावाबाहेर राहिला तर काय वाईट? मी म्हटलं, मला होडी पाहिजे, काशीरामाच्या नावाची. तू येत नसशील तर मी आणि बाबा जातो.

मग आला कबूल.

९ फेब्रुवारी

खैरटवाडी. नांदगावला एसटीतून उतरलो, पुढे जीप, मग चालत. तुळसा म्हणून एक बाई आहे, तिच्या पडवीत जागा दिली. डोंगर अगदी घराच्या पाठीला लागून. समुद्राचा आवाज नाही त्यामुळे कान बधिर झाल्यासारखे वाटतात.

तुळसाला आंब्याचं विचारलं. सासऱ्याच्या तोंडून ऐकलाय म्हणाली, पाहिलेला नाही.

"वर कोण जायत नाय. थंय एकलो गवो आसा. गेल्या सालाक एका धनगराक फाडल्यान."

परशुराम हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

१० फेब्रुवारी

वाट नाहीच. जी होती ती रोझारबाबच्या डोक्यात, आणि तिथेही आता रान वाढलंय. व्हाळ धरून वर गेलो, मोठाले धोंडे, एकेकाला चार पायांनी चढायचं. मग व्हाळ सोडून डावीकडे कारवीत शिरलो. डोक्याच्याही वर कारवी. पुढे परशुराम कोयत्याने वाट करत होता. तो कारवी तोडत नव्हता, माणसं तोडत होता. एकेक घाव घालताना दात आवळायचा. मी मागून बघत होते. थांब जरा, दम घे म्हटलं तरी थांबेना.

गारंबीच्या वेली, माझ्या मांडीएवढ्या जाड. वर कुठेतरी ककणेर, तो मोठ्या चोचीचा पक्षी, ओरडत होता. रोझारबाब प्रत्येक मोठ्या झाडापाशी जाऊन हात लावायचे, मान हलवायचे, पुढे.

दुपारी कड्याखाली येऊन अडकलो. हा कडा त्यांना आठवत नव्हता. परत फिरलो.

११ फेब्रुवारी

अक्षर वेडंवाकडं येतंय.

आज दुसऱ्या बाजूने चढलो. बांबूच्या बेटात तीन माणसं अचानक समोर आली. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक, आणि पायाशी मारलेलं भेकर, अजून गरम, पोट फाडलेलं. आम्ही त्यांना दिसलो आणि ते आम्हाला. पळावं ते सोडून एकाने बंदूक सरळ रोझारबाबच्या छातीला लावली.

"फॉरेस्टवाल्यांची माणसा तुमी. कोणी धाडल्यानी?"

रोझारबाबनी सांगितलं, होडीसाठी झाड बघायला आलोत. तो हसला. डोंगरात होडी? त्याने नळीनेच म्हाताऱ्याला ढकललं, बाबा पाठीवर पडले. दुसऱ्याने माझी पिशवी ओढली, मला पण.

पुढचं सगळं फार लवकर झालं. परशुरामाने कुऱ्हाडीचा दांडा फिरवला, बंदूकवाल्याच्या कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज आला, सुका बांबू मोडतो तसा. बंदूक उडाली, शिसं वर पानात गेलं. बाकीचे दोघे तशीच बंदूक, तसंच भेकर टाकून पळाले. आणि हा खाली पडलेल्या माणसाला मारतच राहिला. तोंडावर, छातीवर. माणूस हात जोडत होता, एकच हात, दुसरा लोंबत होता. "नाव सांग, नाव सांग," परशुराम ओरडत होता. त्या डोंगरातल्या माणसाला कसलं नाव माहीत असणार? तो कधी समुद्राला गेला असेल का!

मी हाका मारल्या, ऐकेना. शेवटी त्या माणसाच्या अंगावर पडले. आडवी. एक तडाखा माझ्या खांद्यावर बसला. मग थांबला.

कितीतरी वेळ तो दांड्याकडे बघत उभा होता, मग माझ्याकडे. तोंड पांढरंफटक. तो माणूस लंगडत, पडत, पळून गेला. रोझारबाब झाडाला टेकून तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणत होते.

१२ फेब्रुवारी

खांदा काळानिळा. हात वर होत नाही. तुळसाने हळद गरम करून बांधली. परशुराम दिवसभर माझ्यासमोर आला नाही. मी म्हटलं, घरी जाऊ. रोझारबाब म्हणाले, एक दिवस अजून. त्यांचं असं अडून बसणं मला कळेना. म्हाताऱ्या माणसाला बंदुकीची नळी छातीला लागून गेली, तरी जायचंच म्हणतो.

१४ फेब्रुवारी, कुडाळ

कालचं लिहिते. इस्पितळात बाकावर बसून लिहितेय. परशुराम आत आहे.

काल पहाटेच निघालो. पुन्हा व्हाळ, पण यावेळी रोझारबाबनी व्हाळ सोडलाच नाही. पाण्याचा एक फाटा उजवीकडून येत होता, त्यात शिरले. दोन्हीकडे ओले कातळ, मध्ये आम्ही. पुढे ती घळ एकदम रुंद झाली आणि मोहोराचा वास आला. आधी वास, मग झाड.

खोड असं दिसलंच नाही मला. वाटलं, कडाच आहे. मुळांनी धोंडे गिळून टाकलेले. वर बघितलं तर आभाळ नाही, नुसता मोहोर आणि पानं. आम्ही तिघांनी खोडाला मिठी घातली, हात पसरून, तरी एकमेकांची बोटं लागेनात. रोझारबाबनी गाल सालीला टेकवला. "ह्योच," म्हणाले. "ह्योच तो आंबो."

परशुराम हसला. खरं हसला. काशीराम गेल्यापासून पहिल्यांदा. मला म्हणाला, "बाय, होडी! एक नाय, दोन होतले ह्याच्यात." खोडाभोवती दोनदा फिरला, पावलांनी मापं घेऊ लागला. पुढची नाळ इथून, मागची बाजू इथून. मला वाटलं, आणलं ते बरं झालं. वाचला माझा भाऊ.

मग रोझारबाबनी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने खोडावर ठोकलं. कान लावला. दोन हात सरकून पुन्हा ठोकलं. पूर्ण फेरी घातली, ठोकत, ऐकत. मलासुद्धा ऐकू येत होतं — पाण्याचं पिंप वाजवावं तसा आवाज. एका जागी त्यांनी घाव घातला, मग अजून एक. पात्याला काही अडलंच नाही. भोकातून काळा ओला भुसा सांडायला लागला, बुरशीचा वास येणारा. थांबेचना.

"पोकळ," ते म्हणाले. "आत काय एक नाय."

परशुरामाने त्यांच्या हातातून कुऱ्हाड घेतली आणि झाडावर तुटून पडला. कशाला? काही मिळणार नव्हतं. घाव, घाव, घाव. साल उडत होती, मोहोर खाली गळत होता, भुशाने त्याचं तोंड काळं झालं. रडत होता की घाम होता, माहीत नाही. हाताची कातडी फाटली तेव्हा कुऱ्हाड टाकली आणि खाली पाण्याकडे गेला, मागे न बघता.

मी आणि रोझारबाब राहिलो. ते मुळावर बसले. मी म्हटलं, बाबा, राहू दे, फळ्यांची करू होडी. तुमची काय चूक?

ते माझ्याकडे बघत नव्हते.

"सुगंधा, आग माझ्या लिओनान लावली."

मी त्यांच्या चपलेकडे बघत राहिले. एक पट्टा तारेने बांधलेला होता.

हळूहळू सगळं बोलले. गावाने ट्रॉलर धरला तेव्हा लिओन त्याच ट्रॉलरवर होता. त्यालाही मार बसला, आपल्याच गावच्या माणसांचा. त्याचा राग. काशीरामाच्या बाराव्याला त्याने बापाला सांगितलं आणि त्याच दिवशी गोव्याला गेला.

"आत कोण निजलो हा ता तेका म्हायत नव्हता, असा तो म्हणता. खरा काय ता देवाक म्हायत." खाली पडलेला सालीचा तुकडा त्यांनी उचलला. "माका वाटला, एक होडी करून दिवया. तेवढीच भरपाई. मगे सांगूया. आता होडी पण नाय. परशुरामाक सांगायचा काय नाय ता तू ठरव. माझ्यान होवचा नाय."

आणि मान गुडघ्यांत घातली.

मी त्यांच्या समोर उभी होते. त्यांच्या मागे कारवी हलली. वारा नव्हता. पानं बाजूला झाली आणि काळं कपाळ दिसलं, मग शिंगं, मग पांढरे पाय. गवा. एवढा मोठा की मागचं रान दिसेना. तो फुसफुसला. म्हाताऱ्याला काही ऐकू गेलं नाही.

"बाबा, मागे!" — मी ओरडले. कसं ओरडले माहीत नाही. एका क्षणापूर्वी त्याच माणसाने मला काय सांगितलं होतं!

ते उठले म्हणून शिंग पाठीत घुसायचं ते मांडीत घुसलं. त्याने त्यांना उचललं, कापडाची बाहुली उचलावी तसं, आणि मुळांवर आपटलं. पुन्हा डोकं खाली घातलं. माझी ओरड ऐकून परशुराम खालून धावत आला. थांबला नाही, विचार केला नाही. जमिनीवरची कुऱ्हाड उचलली आणि सरळ गव्याच्या तोंडावर. नाकपुडीवर बसली असावी, रक्ताची चिळकांडी उडाली माझ्यापर्यंत. गवा गर्जला, मान फिरवली, परशुराम दूर फेकला गेला. उठला, परत गेला अंगावर, शिव्या देत. मी दगड मारत होते, जो हाताला लागेल तो, एकाच हाताने. शेवटी जनावर वळलं आणि कारवी मोडत खाली गेलं. बराच वेळ त्याचा आवाज येत होता.

रोझारबाबची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत उघडली होती. आतलं पांढरं दिसत होतं. मी पिशवीतली चादर फाडून आवळून बांधली, परशुरामाने पट्टा काढून वरून करकचला. मग म्हाताऱ्याला पाठुंगळीला घेतलं. त्याच्या स्वतःच्या बरगड्यांना मार बसला होता, श्वास घेताना कण्हत होता. तरी म्हणाला, "म्हातारो जड नाय."

तो पुढे, मी मागे. कोयता पिशवीत, कुऱ्हाड माझ्या हातात. रोझारबाबची मान परशुरामाच्या खांद्यावर लोळत होती, माझ्यापासून दोन हातांवर. ते झोपू नयेत म्हणून परशुराम त्यांना बोलतं ठेवत होता — बाबा, निजू नकात, तुमी बांधलेल्या होड्यांची नावा सांगा. ते सांगत होते. एकेक नाव, मध्येच कण्हणं. मग आमच्या होडीपाशी आले आणि गप्प झाले.

"बोला, बोला," परशुराम म्हणाला. "आमची कित्याक सोडल्यात?"

मी कुऱ्हाड घट्ट धरली. इथेच सांगितलं असतं तर? व्हाळातच दोघांचा निकाल लागला असता, बापाचा आणि मग मुलाचाही. परशुरामाने पाठीवरून उतरवून काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. आणि खरं लिहायचं तर — मला स्वतःलाही ती मान दिसत होती. नुसती दिसत नव्हती.

व्हाळ संपला. तुळसाच्या दिराने जीप आणली.

१६ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, पाय वाचला. रक्त कमी पडत होतं. परशुरामाचं जुळलं, त्याने दिलं. बाहेर येऊन मला म्हणाला, "आता माझा रगात म्हाताऱ्याच्या आंगात फिरता." एवढा खूश की मला बघवेना.

१९ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी

आजही नाही.

२४ फेब्रुवारी

परशुराम म्हाताऱ्याला पेज भरवतो. अंग पुसतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होता, माझो बापूस लहानपणीच गेलो, आता हे गावले. रोझारबाब डोळे मिटून घेतात. मी आत गेले की भिंतीकडे वळतात.

कित्येक दिवसांत त्याने नाव विचारलेलं नाही. रात्री झोपतो. घोरतोसुद्धा! हेच तर पाहिजे होतं मला. त्याच्यातून ते निघून गेलं. मला वाटत होतं, निघालं की संपेल.

१ मार्च

देवबागला परत. मासे घेऊन बसायला लागले. आज एक बाई भाव पाडत होती, रोजच्यासारखीच. मी बांगडा उचलून तिच्या तोंडावर मारला. सगळ्या जणी बघत राहिल्या. परशुरामाने येऊन तिची माफी मागितली — त्याने! माझ्या वतीने!

५ मार्च

रोझारबाबना घरी आणलं. कुबडी घेऊन दारापर्यंत येतात. बापाची बातमी कळून लिओन गोव्याहून आलाय, असं परशुराम सांगत होता. चांगला पोरगा आहे म्हणाला.

मी चुलीत लाकूड सारत होते. बोटं भाजली तेव्हा कळलं.

११ मार्च

काल लिओन आला. सकाळी. परशुरामाचे आभार मानायला. हातात केळ्यांचा घड. अंगणातच परशुरामाच्या पाया पडायला वाकला. परशुरामाने त्याला उचलून मिठी मारली, पाठीवर थापा मारल्या. म्हणाला, तुझो बापूस तो माझो बापूस. मग मला सांगून गेला, याला शहाळं काढून आणतो, तोवर बसव.

मी अंगणात कोयतीने मासे कापत होते. लिओन ओटीच्या पायरीवर बसला. वाळलाय. डोळे खोल गेलेत. हात मात्र मोठे, बापासारखे.

मग म्हणाला, "सुगंधाबाय, बाबान तुमका सांगल्यान मा?"

मी हो म्हटलं.

तो रडायला लागला. मला म्हणाला, होडी रिकामी आहे असंच वाटलं होतं. मी म्हटलं, तुझ्या बापाने तेच सांगितलं. इथेच त्याने थांबायला पाहिजे होतं. मी कदाचित तेवढ्यावर जगले असते. पण त्याला मन मोकळं करायचं होतं.

"पेटवल्यार खोकलो आयकाक इलो," म्हणाला. "मगे हाक मारल्यान. तुमका. तुमचा नाव घेतल्यान."

मी विचारलं, मग तू काय केलंस?

"पाय हलले नाय माझे. वाळयेत उभो ऱ्हवलंय."

किती वेळ?

त्याने वर बघितलं. खोटं बोलला असता तरी चाललं असतं.

"हाक बंद होयसर."

माझ्यासमोर सुरमई होती, अर्धी कापलेली.

१२ मार्च

लिओन जगला, पण अजून शुद्धीवर नाही. उजवा हात मनगटापासून गेला, गळ्यावरचा वार मागे मानेत बसला. परशुराम शहाळी टाकून धावत आला, माझ्या हातातली कोयती ओढून घेतली आणि पोलीस येईपर्यंत ती धरून अंगणात बसून राहिला. त्यांना म्हणाला, "मी मारलंय." पोलिसांनी, गावाने, एकानेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. गाडीत चढताना मला म्हणाला, "बाय, आता गप रव."

सकाळची एसटी यायची झाली. मालवणला उतरते आणि पोलीस ठाण्यात जाऊन सांगते, कोयती कोणी चालवली.